तळाचं पाणी गुदमरतं तेव्हा

गणपती विसर्जनाच्या सुमारास कोकण-गोव्याचा समुद्र निवळू लागतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या बाहेर पडलेल्या असतात आणि दिवाळीपर्यंत पाणी पुन्हा निळं दिसायला लागतं. वर्षातल्या नेमक्या याच दिवसांत, किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर, तळालगतच्या पाण्यातला प्राणवायू जवळपास संपलेला असू शकतो. वरून त्याची काहीच खूण दिसत नाही.

हे आपल्याला कळलं ते प्रामुख्याने गोव्यात झालेल्या चिकाटीच्या कामामुळे. दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1997 पासून कांदोळीसमोरच्या एका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा जाऊन नमुने घ्यायला सुरुवात केली. तिथे समुद्र जेमतेम पंचवीस-तीस मीटर खोल आहे. सय्यद वाजीह अहमद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 2000 साली ‘नेचर’मध्ये आला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धात प्राणवायूचा दुष्काळ पडतो, हे त्यात मांडलं होतं. 1999 मध्ये तो इतका तीव्र होता, की तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू सापडला.

नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्राच्या पोटातलं थंड, मुळातच कमी प्राणवायूचं पाणी वर सरकून किनारपट्टीच्या उथळ भागात शिरतं. त्याच वेळी पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी त्याच्यावर पातळ थर धरतं. हे हलकं पाणी झाकणासारखं वर बसतं, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. वर आलेल्या पोषकद्रव्यांवर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि मरून तळाशी जातात. त्यांचं विघटन करणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. तो संपला की नायट्रेट, नायट्रेट संपलं की सल्फेट, आणि त्यातूनच तो विषारी वायू. मूळ चक्र नैसर्गिक आहे. पण शेतातून वाहून येणारी खतं आणि शहरांचं सांडपाणी त्यात नायट्रोजनची भर घालतात, आणि निबंधातला इशारा त्याबद्दलच होता.

हा सगळा खेळ ज्या महिन्यांत रंगात येतो, त्यांतल्या बऱ्याच काळात लहान संशोधन नौका बाहेर काढणं धोक्याचं असतं. उपग्रह समुद्राचा रंग पाहून हरितद्रव्याचा अंदाज देतात, पण पावसाळी ढगांतून त्यांना तो दिसत नाही, आणि तळातलं तर कधीच दिसत नाही. केंद्र सरकारचा किनारी प्रदूषण निरीक्षणाचा कार्यक्रम 1991 पासून चालू आहे. त्याचं मोल मोठं आहे, तरी नमुना म्हणजे त्या क्षणाचं पाणी. सूक्ष्म वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री वापरतात; त्यामुळे वरच्या थरात तो पहाटे सर्वांत कमी असतो. सकाळी अकरा वाजता भरलेली बाटली पहाटे चारची हकीकत सांगत नाही.

म्हणून तिथे सतत राहणारं यंत्र हवं. साखळीने तळाशी नांगरलेला बोया, त्यावर सौर पटल, पोटात बॅटरी आणि पाण्यात सोडलेले संवेदक. तापमान, क्षारता, सामू, गढूळपणा, हरितद्रव्य आणि विरघळलेला प्राणवायू यांची मोजणी ठरावीक अंतराने होते आणि आकडे बिनतारी संदेशाने किनाऱ्यावर येतात. प्राणवायूच्या मोजणीची पद्धत मला विशेष सुंदर वाटते. एका रंगद्रव्याच्या पटलावर निळा प्रकाश टाकला की ते तांबूस चमकतं. प्राणवायूचे रेणू ती चमक मंद करतात. चमक जितकी कमी, तितका प्राणवायू जास्त.

हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेने कोची आणि विशाखापट्टणमच्या समुद्रात असे बोये सोडले आहेत. 2022 मध्ये सुरू झालेल्या या यंत्रणेत एकोणीस घटक मोजण्याची सोय आहे. त्यांत पोषकद्रव्यं आणि कच्च्या तेलाचे अंशही येतात. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात मात्र यंत्र सोडणं हा कामाचा सोपा भाग. काही आठवड्यांतच संवेदकावर शेवाळाची बुळबुळीत साय चढते, मग शंखशिंपल्यांची पिल्लं येऊन चिकटतात, आणि यंत्र समुद्राऐवजी स्वतःवरच्या वस्तीचा प्राणवायू मोजू लागतं. त्यासाठी छोटे ब्रश आणि तांब्याच्या जाळ्या लावतात. तरीही माणसाने जाऊन ते साफ करणं आणि प्रयोगशाळेतल्या मोजणीशी आकडे ताडून पाहणं चुकत नाही. लायोश विंकलर यांची 1888 सालची रासायनिक पद्धत आजही त्यासाठी वापरतात. निधी देताना यंत्राची किंमत मंजूर होते आणि या फेऱ्यांचा खर्च विसरला जातो, तेव्हा आकडे येत राहतात पण त्यांवर विसंबता येत नाही. कोणत्याही प्रस्तावात मी आधी देखभालीची तरतूद शोधेन.

दुसरा प्रश्न मासेमारांचा. तरंगत्या वस्तूखाली मासळी जमते, त्यामुळे होड्या बोयाजवळ येणारच. जाळी साखळीत अडकतात, बोयाला होडी बांधली जाते, कधी भाग काढून नेले जातात. जगभरच्या बोयांचं हे दुखणं आहे. पहारा ठेवून ते थांबेल असं मला वाटत नाही. आपल्या दारात उभ्या असलेल्या यंत्राचा आकडा कोळ्यांना मिळतच नसेल, तर त्यांनी ते का जपावं?

बोयालाही मर्यादा आहेत. आंघोळीच्या किनाऱ्यासाठी आपल्या मानकांत 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य जिवाणूंची मर्यादा 100 आहे, आणि ती मोजणी आजही मुख्यतः प्रयोगशाळेतच होते. मुंबईच्या सांडपाण्याचा माग काढायचा तर बाटल्या लागणारच. पण त्याच मानकांत प्राणवायू लिटरला किमान 4 मिलिग्रॅम हवा असंही म्हटलं आहे, आणि तो कधी, किती वेळ आणि कुठल्या भरतीला खाली गेला हे बोया सांगू शकतो.

‘इन्कॉइस’ मासळी कुठे मिळेल याचा अंदाज मासेमारांना मराठीतही देते. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत त्याच संदेशात आणखी एक ओळ असावी: आज तळाशी प्राणवायू किती. मुंबई ते मालवण या पट्ट्यात त्यासाठी कायमचे बोये लागतील, आणि ते साफ करायला नेणाऱ्या होड्या स्थानिक मच्छीमार सोसायट्यांच्या भाड्याने घेता येतील.