बायपॉड लावताना हात नळीपुढे नको

राखणीच्या बंदुकीला बायपॉड, म्हणजे दोन पायांचा टेकू लावायचा, तर आधी काडतूस बाहेर. नळी उघडून डोळ्यांनी बघायची. अंधार असेल तर बोटानंही चाचपायची. टेकू नळीला नव्हे, तिच्याखालच्या लाकडाला आवळायचा. नळीवर ताण आला की नेम हलतो.

नळी जितकी आखूड, तितका धोका जास्त. टेकूचे पाय उघडताना हात नकळत तोंडापुढे जातो, अन् भरलेल्या बंदुकीला तेवढंच पुरतं. म्हणून टेकू तोंडापासून बराच मागे बसवावा, पाय बाजूनं उघडावेत.

माळ्यावर सुटसुटीत पडावी म्हणून काहींना नळी कापायचा मोह होतो. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ नुसार नळी आखूड करायला स्वतंत्र परवाना लागतो. राखणीचा परवाना तिथं चालत नाही.