डांग : दरबार आणि दरबाराबाहेर

नाशिकहून वणीमार्गे निघून हातगडचा किल्ला मागे टाकला की लगेच सापुतारा लागते. आपल्याकडच्या बहुतेक सहली तेथेच थांबतात. तलावात होडी, डोंगरावरून सूर्यास्त, भाजलेले कणीस, आणि परत! वास्तविक डांग जिल्हा तेथून सुरू होतो. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २,२८,२९१ होती व त्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोक आदिवासी होते. कोकणा (यांनाच तिकडे कुणबी म्हणतात), भिल्ल आणि वारली हे मुख्य समाज. बांबूच्या टोपल्या विणणारे कोटवाळिया थोडे.

डांगचे नाव वर्तमानपत्रात वर्षातून एकदा येते. होळीच्या आधी आहव्याला 'डांग दरबार' भरतो. गाढवी, आमला, वासुर्णा, दहेर व पिंप्री येथील भिल्ल राजे बग्गीतून मिरवत येतात आणि सरकारकडून त्यांना सालियाणा मिळतो. १९७१ साली देशातील संस्थानिकांचे तनखे बंद झाले. मग हे राजे कसे उरले, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे मूळ १८४२ सालात आहे. मुंबईच्या जहाजबांधणीला साग हवा होता, म्हणून इंग्रजांनी या राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले व वर्षाला ठरावीक रक्कम देऊ केली. म्हणजे ही बक्षिसी नव्हे, मुळात जंगलाचे भाडे होय. छायाचित्राखाली मात्र हे कोणी छापत नाही.

डांगी माणूस जुनी हकिकत सांगतो तिला 'गोठ' म्हणतात. अजय स्कारिया या इतिहासकाराने अशा गोठी ऐकून १९९९ साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दिसते की डांगी लोक काळाचे दोनच भाग करतात : 'मोगलाई' आणि 'मंडिनी'. मोगलाई म्हणजे रान मोकळे होते तो काळ. मंडिनी म्हणजे साहेबाने जंगलाच्या हद्दी आखल्या तेव्हापासूनचा. आम्ही इतिहासाच्या तासाला प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन असे पाठ करतो; मला ही दोन भागांची वाटणी अधिक खरी वाटते, कारण ती ज्याचे गेले त्याने केली आहे.

भाडे राजांना मिळाले. ज्याची कुऱ्हाड थांबली त्या साध्या कुटुंबाला काय? उतारावर राब भाजून नागली, वरई, उडीद पिकवायचे. पाऊस धो धो पडतो, पण डोंगरावरून वाहून जातो, आणि उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन झिरे शोधतात. दिवाळीनंतर कितीतरी घरे कुलूप लावून दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत्या जमिनीवर हक्क मागता येऊ लागला, हे खरे. पण वाडवडील ती जमीन कसत होते याचा कागद गोठीत कोठून सापडणार?

भाषेची कथा अशीच आहे. १ मे १९६० ला डांग गुजरातेत गेला. त्याआधी डांगी ही मराठी की गुजराती, यावर दोन्हीकडच्या विद्वानांनी व पुढाऱ्यांनी पुष्कळ भांडून घेतले. जनगणनेत आज ती खानदेशीच्या खाली मोजतात. माझी आत्या आमच्या सुरगाणा तालुक्यातून तिकडे दिलेली आहे. तिच्या मुलांशी मी घरची बोली बोलते तेव्हा एक शब्द अडत नाही. पण त्यांची शाळा गुजराती, माझी मराठी; मी पत्र लिहिले तर त्यांना वाचता येत नाही, त्यांचे मला. घरची बोली दोन्ही शाळांत नव्हती.

जाणाऱ्यांनी दरबार जरूर पाहावा. परंतु एक रात्र गावात काढावी, कोणी बोलावले तर. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करून तिच्यावरून बोटे ओढत म्हातारे रात्रभर कथा लावतात. वाटेत वाघदेवाचा कोरलेला खांब दिसेल : वाघ, नाग, सूर्य, चंद्र. त्याच्यासमोर छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. आणि नागलीची भाकर पुढे आली तर नको म्हणू नये. मार्चपर्यंत कणगी बरीच खाली गेलेली असते, तरी ती वाढतात.