माळ्यावरचा संगणक इंटरनेटला जोडताना

खोपोलीचा पाऊस एकदा सरला, की घरोघर माळे रिकामे होतात आणि ओलीने धरलेल्या गाठोड्यांत हमखास एखादा जुना संगणक निघतो. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, पुढे सरकारी नोकरीत ती आवश्यक ठरली. त्या दिवसांत कितीतरी नोकरदारांनी हप्ते बांधून मुलांसाठी हे यंत्र घरात आणले. आज भंगारवाला त्याला किलोच्या भावाने मागतो. देण्याआधी थोडे थांबावे, असे आमचे मत आहे. त्या डब्यात वडिलांनी टाइप केलेली कुळाची माहिती असते, जयंती मंडळाचे जमाखर्च असतात, स्मरणिकेचे लेख असतात. शिवाय मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटीवर भरावे लागतात; घरात दुसरा संगणक नसेल, तर याच डब्यावर ते होतील का, हा प्रश्न उरतोच.

नुसत्या फायली काढायच्या असतील, तर विंडोज एक्सपीवर पेनड्राइव्ह पुरतो. विंडोज ९८ ला मात्र त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो.

लोकांना वाटते, इतके जुने यंत्र नेटला जोडलेच जाणार नाही. खरे तर जोडणी हा सर्वांत सोपा भाग. संगणकाला नेटची तार घालण्याचे भोक असले, की ती तार घरच्या राउटरमध्ये खुपसावी. राउटर जुन्या संथ कार्डाशीही जुळवून घेतो आणि पत्ता आपोआप देतो. वायफायच्या मागे लागू नये. आजच्या वायफायची कुलपे विंडोज ९८ ला उघडत नाहीत, एक्सपीलाही तिसरा सर्व्हिस पॅक असावा लागतो.

तार जोडली, दिवे लुकलुकले, तरी एकही पान उघडत नाही. इथे बरेच जण हात टेकतात. आधी घड्याळ पाहावे. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, बहुधा सीआर २०३२. तो संपला, की संगणक दर वेळी कित्येक वर्षे मागे जातो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपले ओळखपत्र दाखवते आणि त्यावर मुदत छापलेली असते. संगणकाच्या लेखी साल २००२ असेल, तर त्याला ते ओळखपत्र खोटेच वाटणार. सेल बदलावा, तारीख लावावी.

दुसरी अडचण सांकेतिक भाषेची. एक्सपीतील इंटरनेट एक्सप्लोरर जी जुनी पद्धत बोलतो, ती आजची संकेतस्थळे स्वीकारत नाहीत. फायरफॉक्सची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती ५२ ची, २०१८ सालची. ती दुसऱ्या संगणकावरून आणून बसवली, तर पुष्कळ पाने उघडतात. पण महाडीबीटीचा अर्ज तिच्यावर भरू नये. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर संगणक बंद पाडले, तेव्हा मायक्रोसॉफ्टला या सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही खास दुरुस्ती काढावी लागली. अशा यंत्रावर मुलीचा आधार क्रमांक आणि बँकेचे खाते टाकणे म्हणजे दाराला कडी नसताना पगार उंबऱ्यावर ठेवणे.

मग उपाय? यंत्र कोअर टू डुओच्या काळातले आणि किमान २ जीबी मेमरीचे असेल, तर फायली काढून घेतल्यावर त्यावर डेबियनसारखी लिनक्स प्रणाली बसवावी. ती फुकट मिळते. सोबत नवा ब्राउझर येतो आणि अर्ज भरता येतो. थोडा धीर धरावा लागतो, इतकेच.

त्याहून जुन्या यंत्रासाठी एक युक्ती आहे, आणि ती नवी नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० रुपयांत नुसत्या अक्षरांचे खाते मिळे. वेग ९.६ केबीपीएस. खोपोलीहून त्या वेळी जोडायचे, तर मुंबईला एसटीडी लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून आपल्या भागात हे सुख उशिरा पोचले. असो. त्या खात्याला डॉसवरचा साधा संगणकही चाले, कारण सारे काम निगमचा संगणक करी आणि आपल्या पडद्यावर फक्त अक्षरे उमटत. आजही एखादा छोटा नवा संगणक मध्ये ठेवून त्याच्याकडून पान उघडवून घेता येते आणि जुन्याला तयार पान वाढता येते. हौशी मंडळी हे करतात. अर्जासाठी मात्र ही खटपट करू नये, त्यापेक्षा मोबाइल बरा.

राहिला मजकूर. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली फाइल मोबाइलवर पाठवली, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर नाहीसा झालेला नसतो, तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो; त्यासाठी परिवर्तक मिळतात. मूळ फाइल मात्र पुसू नये आणि फाँटची फाइलही सोबत जपून ठेवावी. बदललेला मजकूर जाणत्या माणसाने एकदा मुळाशी ताडून वाचावा. जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, आणि देणगीदारांच्या यादीत आपल्या आजोबांचे नाव चुकलेले कोणाला खपत नाही.