अस्थींची ओळख

घरातील माणूस मरण पावला, तर घरच्यांना दुःख होते. परंतु त्याचे काय झाले हेच कळले नाही, तर त्या दुःखाला अंत राहत नाही. वाट पाहावी की शोक करावा, हे आईला उमगत नाही.

युरोपातील बोस्निया देशातील हजारो मातांवर असाच प्रसंग आला. तेथे युद्ध चालू असता जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने स्रेब्रेनित्सा हे गाव घेतले आणि सुमारे ८,००० मुस्लिम पुरुष व मुलगे यांना ठार केले. पुढे हे दुष्कृत्य लपविण्यासाठी प्रेते पुरलेले खड्डे यंत्रांनी उकरून ती दुसरीकडे नेऊन पुरली. त्यामुळे एकाच माणसाची हाडे निरनिराळ्या ठिकाणी विखुरली. आता केवळ पाहून ओळख पटणार कशी?

१९९६ साली बेपत्ता माणसांच्या शोधासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. टॉमस पार्सन्स हे अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ २००६ साली त्याच्या न्यायवैज्ञानिक विभागाचे प्रमुख झाले. त्यापूर्वी अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेत ते मृत सैनिकांच्या अस्थींची ओळख पटविण्याचे काम करीत असत.

हे काम चालते कसे? आपल्या शरीरातील पेशींत डीएनए नावाचा द्रव्यांश असतो. त्यातील निम्मा आईकडून व निम्मा वडिलांकडून येतो. कठीण हाडाच्या आत तो वर्षानुवर्षे टिकतो. शास्त्रज्ञ हाडाचा तुकडा स्वच्छ करून त्याची पूड करतात, तीतून डीएनए वेगळा काढतात आणि त्याच्या असंख्य प्रती तयार करतात. मग त्यातील काही ठरावीक खुणा नातेवाइकांच्या रक्तातील खुणांशी ताडून पाहतात. एखादी खूण योगायोगानेही जुळेल. पण अनेक खुणा एकदम जुळल्या, म्हणजे संशयाला जागा उरत नाही. यासाठी हजारो आप्तांनी आपल्या रक्ताचे थेंब दिले. मुलाचे हरवलेले नाव असे आईच्या रक्तातून सापडले!

या रीतीने स्रेब्रेनित्साच्या जवळजवळ ७,००० मृतांची ओळख पटली. दरवर्षी ११ जुलै रोजी जवळच्या पोतोचारी येथे नव्याने ओळख पटलेल्यांचे दफन होते. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात पार्सन्स यांनी साक्ष दिली व हा पुरावा न्यायाधीशांपुढे मांडला.

शास्त्र मृताला परत आणू शकत नाही. परंतु ते त्याला त्याचे नाव देते, आईला मुलाच्या थडग्यापाशी बसू देते आणि अपराध्याला सत्य झाकू देत नाही. शास्त्राची ही सेवा थोडी का आहे?