आरशाला नाही, पाटाला विचारा

‘उद्या काय नेसताय गं?’ हरतालिकेच्या आदल्या दिवशी मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न पडला, की पत्री कोण आणणार, पूजेला किती वाजता जमायचं, हे सगळं मागे पडतं. एकजण हिरव्या साडीचा फोटो टाकते. दुसरी लगेच ‘माझीपण हिरवीच आहे’ म्हणून रडका इमोजी पाठवते. मग रंग ठरतो, नथ ठरते, फोटो कुठे काढायचे तेही ठरतं. फक्त एक गोष्ट कुणी विचारत नाही. त्या साडीत दिवसभर उपाशीपोटी वावरता येणार आहे का?

मीही विचारलं नव्हतं. कॉलेजचं पहिलं वर्ष आणि पहिलीच निर्जळी हरतालिका. हौसेने आईची लग्नातली पैठणी मागून घेतली. साडी घसरू नये म्हणून परकराची नाडी करकचून बांधली. ब्लाउज मैत्रिणीचा, बाहीत दंड जेमतेम शिरणारा. पाऊस थांबलेला आणि वारा पडलेला. शेजारच्या काकूंकडे एका खोलीत आम्ही बारा-तेरा जणी, त्यात समई, धूप, उदबत्ती. कहाणी अर्ध्यावर आली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी भिंतीला टेकले. आजी उठली, तिने आधी माझी नाडी सैल केली, मग पाण्याचं भांडं तोंडाला लावलं. ‘उपास पोटाचा असतो बाळा, कमरेचा नसतो,’ एवढंच म्हणाली.

आजीच्या अंगावर त्या दिवशी धुऊन धुऊन मऊ झालेलं हिरवं इरकली लुगडं होतं. ते ती उपासालाच काढायची. लग्नकार्याचं वेगळं, सणाचं वेगळं आणि उपासाचं वेगळं, अशी तिच्या ट्रंकेत सरळ वाटणी होती. आपल्या कपाटात मात्र ‘फेस्टिव्ह’ नावाचा एकच कप्पा असतो. गडबड तिथेच होते.

दिवस कसा आहे ते आधी बघा

हरतालिका येते भाद्रपद शुद्ध तृतीयेला, म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी. घरात मखराची धावपळ चालू असते. सकाळी लवकर उठून न्हायचं, वाळूचं शिवलिंग करायचं, सखी-पार्वतीची पूजा मांडायची, एकेक पत्री वाहायची. म्हणजे तास-दीड तास मांडी घालून किंवा पाय दुमडून बसणं, पुढे वाकणं, पुन्हा उठणं. त्यानंतर अनेकींना कॉलेज, ऑफिस, लोकल चुकत नाही. रात्री जागरण, झिम्मा-फुगडी. आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा उरकून लगेच गणपतीच्या तयारीला लागायचं. हे सगळं काही जणी फळं-दूध घेऊन करतात, काही जणी पाण्याचा थेंबही न घेता.

लग्नाच्या रिसेप्शनला आपण तीन तास उभे असतो, पोट भरलेलं असतं आणि हॉलमध्ये एसी असतो. तिथला लुक जसाच्या तसा इथे आणला तर जमणार कसा?

आणि जरा कहाणी आठवा. पार्वतीचं लग्न वडिलांनी विष्णूशी ठरवलं. तिला ते नको होतं. तेव्हा तिची सखी तिला घरातून रानात घेऊन गेली. ‘हरिता’ म्हणजे नेलेली आणि ‘आली’ म्हणजे सखी, यावरून हरतालिका हे नाव आल्याचं सांगतात. तिथे नदीकाठच्या वाळूचं लिंग करून तिने व्रत केलं, रात्र जागून काढली. राजाची मुलगी, पण पूजेला वाळू आणि झाडांची पानं. या गोष्टीत दागिन्यांनी मढलेली पार्वती नाही, हट्टाने रानात बसलेली पार्वती आहे. तेव्हा साधी सुती साडी नेसलात तर परंपरेत काही कमी पडत नाही. उलट तीच कहाणीच्या जास्त जवळची आहे.

कापड कुठलं घ्यायचं?

पहिली पसंती सुती. घाम टिपून घेतं, हवा खेळती ठेवतं आणि पंचामृताचा डाग पडला तरी घरी धुता येतं. पाणी प्यायचं नसेल तर अंगातलं पाणी घामावाटे कमी जाणं महत्त्वाचं, आणि पॉलिएस्टरमध्ये हेच साधत नाही. जॉर्जेट आणि हल्लीची बरीचशी ‘ऑर्गेन्झा’ सिंथेटिकच असते. दिसते हलकी, पण दमट हवेत अंगाला चिकटते.

इरकल हा आपल्याकडचा जुना, भरवशाचा पर्याय. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावचं हे विणकाम महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या नेसलं जातं. अंग सुती घेतलंत तर काठ-पदराचा झगमगाटही मिळतो आणि जडही होत नाही. तेलंगणातली सुती नारायणपेठ अशीच सुटसुटीत. थोडी झळाळी हवी असेल तर नर्मदाकाठची माहेश्वरी बघा. ती बहुतेक वेळा रेशीम आणि सूत मिळून विणलेली असते, त्यामुळे चमकते रेशमासारखी आणि अंगावर राहते सुतासारखी.

सध्या खणाच्या साड्यांची चलती आहे. अस्सल खण इलकलच्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. तो मुळात चोळीचं कापड म्हणून कमी पन्ह्यात विणला जायचा. आता बाजारात ‘खण साडी’ म्हणून मिळणारं पुष्कळसं कापड यंत्रमागावरचं आणि पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. ते वाईट आहे असं नाही, पण उपासाच्या दिवशी ते तापतं. शंका आली तर साडीच्या कडेचा एक सुटा धागा काढा आणि घरातल्या मोठ्या माणसासमोर चिमट्यात धरून जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख झाली तर सूत. वितळून कडक मणी तयार झाला तर सिंथेटिक. समईपाशी बसणार असाल तर हे माहीत असलेलं बरं. सुती कापडही पेट घेतंच, पण सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. पदर दोन्ही प्रकारांत खोचूनच बसायचं.

‘आमच्याकडे पूजेला रेशीमच लागतं’ असं कुणी म्हणेल. मग भरजरी सोडून बिनजरीचं, हलकं रेशीम घ्या. पूजेपुरतं नेसा आणि आरती झाली की बदला. सोवळं पूजेचं असतं, लोकलचं नसतं.

आणि एक, नवी कोरी सुती साडी थेट त्याच दिवशी घडी मोडून नेसू नका. खळ असते, कापड उभं राहतं, काठ टोचतो. आधी एकदा मिठाच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. रंग जातोय का तेही तेव्हाच कळेल.

नाडी, ब्लाउज आणि बाकीचं

साडी चांगली निवडूनही दिवस खराब होतो तो आतल्या कपड्यांमुळे. परकर सुतीच हवा. नाडी बारीक दोरीसारखी नको, पट्टीसारखी रुंद हवी. आणि नाडी बांधल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत, ही आजीची मोजपट्टी.

यात फक्त सोयीचा प्रश्न नाही. ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांबद्दल लिहिलं होतं. वर्षानुवर्षं कमरेवर एकाच जागी घट्ट गाठ बांधल्याने कातडी घासली गेली, जखम भरलीच नाही आणि पुढे तिथे त्वचेचा कॅन्सर झाला. त्यातली एक तर परकर न घालता लुगडं नेसणारी होती. एका दिवसात असं काही होत नाही, घाबरू नका. पण ‘घट्ट बांधलं की नीट बसतं’ ही सवय आपल्याला विशीतच लागते, आणि मोडायचीही विशीतच.

ब्लाउजचा मुंढा सैल असू द्या. हात वर करून केसांत गजरा माळता आला पाहिजे. जरीच्या कापडाचा असेल तर आतून सुती अस्तर लावून घ्या. ठुशी गळ्याला घट्ट बसते, तेव्हा ती फोटोपुरती आणि नंतर लांब माळ. चापाची नथ तासाभराने नाक दुखवते. काढून ठेवायला छोटी डबी जवळ असू द्या. आणि या दिवसांत पाऊस कधीही येतो, तेव्हा कोल्हापुरी चप्पल कितीही शोभत असली तरी घरीच बरी. भिजलेलं चामडं लवकर खराब होतं आणि नवीन असेल तर चावतं ते वेगळंच.

नऊवारी की सहावारी?

जागरणात खेळायचं असेल तर नऊवारीला तोड नाही. काष्ट्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात. मांडी घाला, फुगडी घाला, जिने चढा. आपल्या आज्या-पणज्या शेतात आणि स्वयंपाकघरात यातच वावरल्या. नेसायला वेळ नाही म्हणून शिवलेली नऊवारी घेणार असाल तर दुकानातच खाली बसून बघा, काष्टा ओढला जातो का. आणि न लाजता दुसरा प्रश्न विचारा, बाथरूमला जाताना ही पटकन सुटते का? दिवसभराचा प्रश्न आहे.

सहावारी नेसलात तर निऱ्या जमिनीपासून बोटभर वर ठेवा. दुपारी अंगात त्राण नसताना निरीत पाय अडकून पडायला वेळ लागत नाही. पिना मोजक्याच, खांद्यावर एक आणि निऱ्यांना एक.

साडी नकोच असेल तरी काही बिघडत नाही. सुती सलवार-कुर्ता आणि त्यावर खणाची ओढणी किंवा जाकीट, किंवा आईच्या विरलेल्या सुती साडीचा शिवून घेतलेला घेरदार परकर आणि साधं पोलकं. ऑफिसला कुर्ता घालून जा, संध्याकाळी आरतीपुरती साडी नेसा. देवाला घामेजलेली, चिडलेली भक्तीण आवडते असं कुठल्याच कहाणीत नाही.

पाटाची परीक्षा

तर यंदा साडी ठरवताना एवढं करा. आदल्या दिवशी पूर्ण तयारीनिशी नेसा आणि आरशासमोर उभं राहण्याऐवजी पाटावर जाऊन बसा. पंधरा मिनिटं, मांडी घालून. पुढे वाका, समोरचं फूल उचला. हात वर करा. पोटभर श्वास घ्या. हाताचा आधार न घेता उठा. कुठे टोचलं, कुठे ओढलं, कुठे श्वास अडला ते लगेच कळेल. भरल्या पोटी पंधरा मिनिटांत जे खुपतं, ते उपाशीपोटी पंधरा तासांत काय करेल?

आणि त्या दिवशी कपडे नीट असूनही गरगरायला लागलं, तर गाठ सैल करा, आडवं व्हा आणि पाणी प्या. मधुमेह, गरोदरपण, चालू औषधं असतील तर निर्जळीच्या फंदात न पडता आधी डॉक्टरांना विचारा.

आजी आता नाही. ते हिरवं लुगडं माझ्याकडे आलं. काठ विरलाय, पदराला हळदीचा एक डाग आहे, तो जात नाही आणि मीही फार घासत नाही. गेल्या वर्षी ते नेसून ग्रुपवर फोटो टाकला तर एकीने विचारलं, ‘कुठल्या ब्रॅण्डची गं? किती सॉफ्ट दिसतेय!’ मी लिहिलं, ‘आजीच्या ट्रंकेची.’ यंदा तिलाही नऊवारी नेसायचीय. आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे येणार आहे. आल्या आल्या मी तिला पाटावर बसवणार आहे.