गांवची शाळा आणि अपंग मूल



शाळेंत जाणें ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते कीं, ती ज्यांच्या वांट्यास येत नाहीं त्यांची आठवण आपणांस क्वचितच होते. गांवोगांव अशीं घरें आहेत कीं, जेथें तीन भावंडें सकाळीं दप्तर घेऊन निघतात आणि चौथें उंबऱ्याशीं बसून त्यांच्याकडे पाहत राहतें. त्याचे पाय अधू असतात, किंवा त्यास दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, अथवा त्याची समज वयाच्या मानानें मागें राहिलेली असते. आईबाप म्हणतात, "ह्याला शाळेंत कोण सांभाळणार?" शेजारी म्हणतात, "शिकून तरी हा काय करणार?" यांपैकीं पहिल्या प्रश्नास कायद्यानें काय उत्तर दिलें आहे आणि दुसऱ्यास अध्यापनशास्त्रानें काय उत्तर दिलें आहे, हें साध्या शब्दांत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. पूर्वीं आंधळा, पांगळा, मुका असे शब्द सर्रास वापरीत. पुढें 'अपंग' हा शब्द रूढ झाला. आणि हल्लीं सरकारी व्यवहारांत 'दिव्यांग' असें म्हणतात. शब्द कोणताहि असो, मुलास त्याच्या व्यंगानें हांक न मारतां त्याच्या नांवानें हांक मारणें हें सर्वांत उत्तम होय.

या शिक्षणाचा आपल्या इलाख्यांतील आरंभ मुंबईस झाला. १८८५ च्या सुमारास माझगांव येथें बिशप लिओ म्युरिन यांच्या प्रयत्नानें बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. पुढें १९०० सालीं, देश दुष्काळानें होरपळत असतां, अमेरिकन मराठी मिशनच्या कुमारी ॲना मिलार्ड यांनीं मुंबईंत अंधांची शाळा काढली. तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. या शाळांनीं फार मोठी गोष्ट सिद्ध केली. ती ही कीं, हीं मुलें शिकूं शकतात. परंतु या शाळा शहरांत, थोड्या आणि दूर होत्या. खेड्यांतील मुलानें तेथें जावयाचें म्हणजे लहानपणींच घर सोडावयाचें. त्यामुळें शंभरांत एखादें मूल तेथवर पोंचे. बाकीचीं घरींच राहत.

यावर उपाय कोणता? मुलाला शाळेच्या गांवीं नेण्याऐवजीं मुलाच्या गांवची शाळाच त्याच्यासाठीं सिद्ध करावी, हा विचार पुढें आला. १९६४ ते ६६ या काळांत काम करणाऱ्या कोठारी आयोगानें अपंग मुलांना शक्य तेथवर सामान्य शाळांतून शिकवावें, अशी शिफारस केली. १९७४ सालीं केंद्र सरकारनें त्यासाठीं 'एकात्म शिक्षणा'ची योजना सुरू केली. हल्लीं तिच्याऐवजीं 'समावेशक शिक्षण' हा शब्द योजतात. दोहोंतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. पहिल्यांत मुलानें शाळेच्या रीतीशीं जुळवून घ्यावयाचें असे. दुसऱ्यांत शाळेनें आपली रीत मुलाच्या गरजेप्रमाणें बदलावयाची असते. पायऱ्या चढतां येत नाहींत म्हणून मुलास घरीं ठेवावयाचें नाहीं, तर पायऱ्यांच्या बाजूस उतरता रस्ता बांधावयाचा, हें या विचाराचें सार आहे.

आतां कायद्याकडे वळूं. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार सांगितले होते. २०१६ सालीं नवा कायदा झाला व १९ एप्रिल २०१७ पासून तो अंमलांत आला. त्यांत एकवीस प्रकार आहेत. अंधत्व, बहिरेपणा व हातापायांचें अधूपण यांच्या जोडीस स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, सिकलसेल, थॅलॅसेमिया आणि वाचनलेखनाची विशिष्ट अडचण यांचाहि त्यांत समावेश आहे. सरकारनें चालविलेली वा मान्यता दिलेली कोणतीहि शाळा अपंगत्वाच्या कारणावरून मुलास प्रवेश नाकारूं शकत नाहीं. ज्याचें अपंगत्व शेंकडा चाळीस किंवा अधिक आहे, त्यास सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आणि तें जवळच्या शाळेंत घ्यावें कीं खास शाळेंत, हें त्यानें व त्याच्या पालकांनीं ठरवावयाचें आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन, ज्यांचें अपंगत्व तीव्र किंवा बहुविध आहे अशा मुलांना घरीं शिक्षण घेण्याचीहि मुभा मिळाली. मात्र ही मुभा मुलाच्या सोयीसाठीं आहे. "तुमचें मूल घरींच ठेवा," असें म्हणण्यासाठीं कोणा शाळेनें तिचा उपयोग करणें हें तिच्या हेतूच्या विरुद्ध होय.

कायदा कागदावर असतो; मूल मात्र गांवांत असतें. आपल्या जिल्ह्याचें, ज्याचें नांव २०२४ सालापर्यंत अहमदनगर होतें व आतां अहिल्यानगर झालें आहे, क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असून महाराष्ट्रांत तो सर्वांत मोठा आहे. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या ४५ लक्ष ४३ हजार भरली. त्याच शिरगणतींत भारतांत २ कोटि ६८ लक्ष व महाराष्ट्रांत २९ लक्ष ६३ हजार माणसें अपंग म्हणून नोंदलीं गेलीं. तालुके चौदा, आणि प्रत्येकाची अडचण निराळी. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागांत वाडीपासून शाळा चढउताराच्या वाटेवर. धडधाकट मूल ती वाट हंसतखेळत काटतें, पण कुबड्या घेतलेल्या मुलास तीच वाट डोंगराएवढी होते. पाथर्डी, शेवगांव, जामखेड या कोरडवाहू भागांतून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबें ऊसतोडीसाठीं कारखान्यांकडे निघतात तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. अशा कुटुंबांतील मुलांची शाळा निम्मे वर्ष बुडते. त्यांतलें एखादें मूल बहिरें असलें, तर सहा महिन्यांत शिकविलेले शब्द पुढील सहा महिन्यांत तें विसरून जातें व दरसाल पुन्हां पहिल्या पायरीवर येतें. म्हणून अशा मुलास गांवींच आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत ठेवून त्याची शाळा चालूं ठेवणें हें औषधापेक्षांहि अधिक गुणाचें आहे.

आतां, अशीं मुलें शिकतात तरी कशीं, हें पाहूं.

अंध मुलाचें वाचन बोटांनीं होतें. फ्रान्सांतील लुई ब्रेल हा स्वतः लहानपणींच अंध झालेला मुलगा. त्यानें वयाच्या पंधराव्या वर्षीं, १८२४ सालीं, सहा टिंबांची लिपि तयार केली. उभ्या दोन ओळींत तीन तीन टिंबें. तीं कमीअधिक उठविलीं म्हणजे त्रेसष्ट चिन्हें होतात. १९५१ सालीं भारतांतील भाषांसाठीं 'भारती ब्रेल' ही एकच पद्धति ठरली व मराठीहि तींत लिहिली जाते. मूल जाड कागद पाटींत अडकवून टोंचणीनें उजवीकडून डावीकडे टिंबें टोंचतें. कागद उलटला कीं तींच टिंबें वर येतात आणि बोट डावीकडून उजवीकडे फिरवून तीं वाचावयाचीं. ज्यास अंधुक दिसतें, त्यास मात्र ब्रेलची गरज नसते. मोठ्या ठशाचें पुस्तक, भिंग व फळ्याजवळची जागा एवढ्यानेंहि त्याचें काम भागतें.

बहिऱ्या मुलाविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. तें मुकें आहे असें लोक म्हणतात. परंतु बहुतेकांच्या कंठांत कांहीं दोष नसतो. ऐकूंच येत नाहीं म्हणून बोलणें येत नाहीं, इतकेंच. भाषा मनांत रुजण्याचा काळ म्हणजे जन्मानंतरचीं पहिलीं कांहीं वर्षें. म्हणून तान्हें मूल आवाजाकडे वळत नाहीं असें दिसतांच कान तपासावे. श्रवणयंत्र, ओंठांच्या हालचालींवरून समजून घेणें आणि खुणांची भाषा ही तिन्हीं साधनें उपयोगाचीं आहेत. वर्गांत शिक्षकांनीं फळ्याकडे तोंड करून बोलूं नये, मुलाकडे तोंड करून बोलावें. एवढ्या बिनखर्ची गोष्टीनें अर्धा पाठ त्याच्या पदरांत पडतो.

ज्याची समज मंद आहे, त्यास कोणतेंहि काम लहान लहान पायऱ्यांत फोडून शिकवितात. हात धुणें हें आपणांस एक काम वाटतें. त्याच्यासाठीं तीं सहासात कामें असतात. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी घेत नाहींत. प्रगति हळू होते, पण होते. आणि स्वतःचें जेवण, कपडे व पैशाचा हिशेब सांभाळूं लागलेलें मूल आपल्या आईच्या डोक्यावरील केवढें ओझें उतरवितें, हें त्या आईसच ठाऊक!

आणखी एक प्रकार असा कीं तो डोळ्यांस दिसतच नाहीं. मूल हुशार असतें, तोंडीं उत्तरें चटचट देतें, पण वाचतांना 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळतें, जोडाक्षरांपाशीं अडखळतें, मात्रा गाळतें. यास आपण आळशी म्हणतों व छडी देतों. वास्तविक ही अक्षरें ओळखण्याची एक जन्मजात अडचण आहे. मारानें ती जात नाहीं, उलट मूल शाळेस कायमचें विटतें. महाराष्ट्र सरकारनें १९९६ सालापासून अशा मुलांना परीक्षेंत सवलती दिल्या आहेत. जादा वेळ देणें, गरज असेल तेथें लेखनिक देणें, या सवलतींचा हेतु मुलास फुकट गुण द्यावे हा नाहीं. त्यास जें येतें तें कागदावर उतरावें, हाच तो हेतु होय.

या सर्व कामासाठीं खास शिक्षण घेतलेला शिक्षक लागतो, आणि खरी उणीव येथेंच आहे. सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२१ मध्यें असें ठरविलें कीं, प्राथमिक वर्गांत दर दहा अपंग मुलांमागें एक व वरच्या वर्गांत दर पंधरा मुलांमागें एक विशेष शिक्षक असावा. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें प्रत्येक केंद्रास एक याप्रमाणें ४,८६० विशेष शिक्षकांचीं पदें निर्माण केलीं. केंद्र म्हणजे आसपासच्या अनेक शाळांचा गट. यावरून सहज ध्यानांत येईल कीं, हे गुरुजी वा बाई रोज एकाच शाळेंत बसूं शकत नाहींत. ते येऊन मुलाची पारख करतील, त्याचा वैयक्तिक आराखडा आंखतील, वर्गशिक्षकांस युक्ति सांगतील आणि पुढील शाळेस जातील. उरलेले सर्व दिवस तें मूल आपल्या नेहमींच्या वर्गशिक्षकांच्या, आपल्या घरच्यांच्या व आपल्या सोबत्यांच्या हातीं असतें. म्हणून विशेष शिक्षकाची वाट पाहत स्वस्थ बसणें कोणासहि परवडणारें नाहीं.

पालकांनीं काय करावें? पहिली गोष्ट, मुलाचें नांव वेळेवर शाळेंत घालावें. प्रवेशासाठीं अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दुसरी, सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून सरकारी रुग्णालयांत तपासणी करून घ्यावी व प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळवावें. कारण पुढील बहुतेक सवलती त्यावर अवलंबून आहेत. तिसरी, मुख्याध्यापकांस भेटून साहित्य, प्रवासभत्ता, मदतनीसभत्ता यांपैकीं आपल्या मुलास काय लागू पडतें तें विचारावें. समग्र शिक्षा योजनेंत अपंग मुलींसाठीं दरमहा २०० रुपये, वर्षांतील दहा महिने, असा प्रोत्साहनभत्ता ठरविलेला आहे. तो मागण्यांत संकोच नको. चौथी गोष्ट सर्वांत अवघड: मुलाची लाज बाळगूं नये. लग्नकार्यांत, जत्रेंत, बाजारांत त्यास बरोबर न्यावें. जें मूल घरांतच लपविलें जातें, त्यास शाळेंत उभें राहण्याचा धीर कोठून यावा?

खास शाळांची गरज संपली, असा याचा अर्थ कोणी करूं नये. ब्रेलचा पाया घालावयास, खुणांची भाषा पक्की करावयास, किंवा फार अवघड अवस्थेंतील मुलास सांभाळावयास त्यांचें साहाय्य लागतेंच. कित्येक मुलें पहिलीं कांहीं वर्षें तेथें काढून मग गांवच्या शाळेंत येतात, आणि तें योग्यहि आहे.

विद्यार्थिमित्रहो, आतां तुमच्याविषयीं. तुमच्या वर्गांत असा सोबती असेल, तर त्याची कींव करूं नका. त्यास कोणत्या गोष्टींत मदत हवी, हें त्यालाच विचारा आणि तेवढीच करा. जें त्यास स्वतःला जमतें तें त्यास करूं द्या. खेळांत त्यास गुण मोजावयासच बसवूं नका. नियम थोडे बदलून त्यास खेळांत घ्या. अशा संगतीनें त्यास लाभ होतो तसा तुम्हांसहि होतो: हळू बोलणें, नीट समजावून सांगणें, दुसऱ्यासाठीं थांबणें हे गुण पुस्तकांतून येत नाहींत.

शेवटीं, "हा शिकून काय करणार?" या प्रश्नाविषयीं. हाच प्रश्न एके काळीं या नगर शहरांत मुलींविषयीं विचारला जात असे. १८३९ सालीं येथें आलेल्या सिंथिया फॅरर बाईंनीं त्यास उत्तर म्हणून मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. आज तो प्रश्न मुलींविषयीं विचारावयास कोणी धजणार नाहीं. अपंग मुलांविषयींहि तो असाच एक दिवस बंद पडेल. पण तो दिवस वादविवादानें लवकर यावयाचा नाहीं. येत्या जूनमध्यें शाळा उघडतील तेव्हां उंबऱ्याशीं बसलेलें तें चौथें मूल भावंडांबरोबर वर्गांत जाऊन बसलें, म्हणजे त्या घरापुरता तरी तो आला असें समजावें.