ब्रोकर आत, संदेश बाहेर

ॲक्टिव्हएमक्यू हा मेसेज ब्रोकर कराफ या ओएसजीआय कंटेनरमध्ये बसवायला दोन कमांड पुरतात. पहिली फीचर कुठे मिळेल ते सांगते, दुसरी ‘ॲक्टिव्हएमक्यू-ब्रोकर’ हे फीचर इन्स्टॉल करते. मेव्हनच्या रिपॉझिटरीतून जार फाइली उतरतात, आणि थोड्या वेळाने बंडलांच्या, म्हणजे ओएसजीआयच्या मॉड्यूलांच्या, यादीत ॲक्टिव्हएमक्यूसमोर ‘ॲक्टिव्ह’ अशी नोंद येते. बरेच जण इथे समाधानाने टर्मिनल बंद करतात. माझं खरं काम इथून सुरू होतं, कारण ही नोंद बंडलची असते, ब्रोकरची नव्हे.

ब्रोकर जन्माला येतो तो ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या एका छोट्या सीएफजी फाइलमुळे. तिच्यात ब्रोकरचं नाव, डेटाची जागा आणि एक्सएमएल फाइल कुठे आहे, एवढंच लिहिलेलं असतं. फाइल दिसली की ब्रोकर उभा राहतो. ती काढली की थांबतो. तिच्यात बदल करून सेव्ह केली की चालू ब्रोकर खाली येतो आणि नव्याने सुरू होतो. फाइलच नसेल तर बंडल ‘ॲक्टिव्ह’ दिसत राहतं आणि ६१६१६ या पोर्टवर कोणीच ऐकत नसतं. म्हणून मी बंडलांची यादी पाहून थांबत नाही. लॉग वाचतो आणि पोर्ट उघडलाय का ते तपासतो.

कराफच्या घरात ब्रोकरला जमवून घ्यावं लागतं, त्यामागे ओएसजीआयची रचना आहे. १९९९ पासून घडत आलेल्या या पद्धतीत प्रत्येक बंडलचा क्लासलोडर वेगळा असतो आणि एकाचे क्लास दुसऱ्याला आपोआप दिसत नाहीत. ॲक्टिव्हएमक्यूची मूळ सवय मात्र नेमकी उलटी. ‘टीसीपी’ हे नाव दिसलं की त्या नावाची फाइल मेटा-आयएनएफच्या फोल्डरात शोधायची आणि तिच्यातला क्लास उचलायचा. सगळं एकाच क्लासपाथवर असेल तेव्हा हे बिनबोभाट चालतं. कराफमध्ये तो शोध बंडलच्या भिंतीला अडतो. म्हणून ॲक्टिव्हएमक्यूच्या ओएसजीआय बंडलमध्ये एक ॲक्टिव्हेटर ठेवलाय. तो येणाऱ्या-जाणाऱ्या बंडलांवर लक्ष ठेवतो आणि कोणता क्लास कुठून मिळेल ते सांगतो. हे काम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ते नीट चाललं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

एकाच जेव्हीएममध्ये राहण्याचा फायदा मोठा आहे. संदेशांची वाट ठरवणाऱ्या शेजारच्या कॅमल रूटला नेटवर्कवरून जावं लागत नाही. ‘व्हीएम’ ट्रान्सपोर्टने ब्रोकरचं नाव घेतलं की थेट जोडणी होते. पण याच ट्रान्सपोर्टची एक खोड आहे. त्या नावाचा ब्रोकर सापडला नाही, तर हा ट्रान्सपोर्ट तक्रार न करता नवा ब्रोकर उभा करतो. नावात एक अक्षर चुकलं तरी संदेश भलत्याच ब्रोकरकडे जमा होतात, आणि रूटच्या लॉगमध्ये सगळं सुरळीत दिसतं. बंडल कोणत्या क्रमाने सुरू होतील याचीही खात्री नसते. म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘क्रिएट=फॉल्स’ लावायचंच, आणि ब्रोकर उठेपर्यंत थांबण्याची मुदतही द्यायची. रूट उघडपणे पडला तर दुरुस्त करता येतो. चुकीच्या जागी साठलेले संदेश शोधणं फार कठीण.

मेमरीचा हिशेबही वेगळा करावा लागतो. स्वतंत्र ॲक्टिव्हएमक्यूसोबत येणारी एक्सएमएल फाइल हीपचा ७० टक्के भाग ब्रोकरला देते. कराफचा हीप मुळात ५१२ एमबी; त्यातले साडेतीनशेहून जास्त एकट्या ब्रोकरकडे गेले, तर रूट, वेब सर्व्हर आणि इतर बंडलांनी उरलेल्यात कसं भागवायचं? ती फाइल जशीच्या तशी आणू नये.

सगळ्यात जास्त काळजी मला डेटाच्या जागेची वाटते. सीएफजी फाइलमध्ये आधीपासून लिहून आलेली जागा कराफच्या ‘डेटा’ फोल्डरात असते, आणि ब्रोकर ज्यात संदेश साठवतो त्या काहाडीबीच्या जर्नल फाइली तिथेच साठतात. त्याच फोल्डरात बंडलांची कॅशही असते. कराफ अडलं, बंडल नीट सुरू होईनात, की हात सवयीने ‘क्लीन’ लावून कराफ सुरू करण्याकडे वळतो, आणि तेव्हा अख्खा ‘डेटा’ फोल्डर रिकामा होतो. बंडल पुन्हा उतरवता येतात. रांगेत थांबलेली ऑर्डर किंवा पावती परत उतरवायला कोणतीही रिपॉझिटरी नसते. पर्सिस्टंट म्हणून पाठवलेला संदेश ब्रोकर जपेल, असं आपण पाठवणाऱ्याला सांगितलेलं असतं. तो शब्द घरसफाईत मोडता कामा नये.

म्हणून पहिला संदेश येण्याआधी मी ती जागा बदलतो: कराफच्या फोल्डराबाहेर वेगळा फोल्डर, लिहिण्याची परवानगी फक्त कराफ चालवणाऱ्या युजरला, आणि त्याचा बॅकअप वेगळा. मग मुद्दाम परीक्षा घेतो. एका रांगेत पर्सिस्टंट संदेश टाकतो, घेणारा कोणी जोडत नाही, कराफ नीट बंद करतो आणि ‘क्लीन’ लावून उठवतो. फीचर पुन्हा उतरली, ब्रोकर उभा राहिला, की ‘ॲक्टिव्हएमक्यू:डीस्टॅट’ विचारतो. क्यू साइझचा आकडा आधीइतकाच आला, तरच सर्व्हर पुढच्या टीमच्या हाती देतो.